हवेत राहिलेला हात

आमचे कंडक्टर एल्दार मुअल्लिम ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यांना सरसकट ‘डॉक्टर’ म्हणायचे. मी फार्मासिस्ट. सेलो वाजवणारा ह्यू पोर्टर, म्हणजे वॉर्डातून पेशंटच्या ट्रॉल्या नेणारा. ओबोवाली बाई पेरोलमध्ये, म्हणजे पगार काढणारी. पण ऑर्केस्ट्रा कार्डिफच्या हॉस्पिटलचा ना, मग सगळे डॉक्टर. एकदा मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही, मी नुसती औषधं देते. तर म्हणाले, मग तूच खरी डॉक्टर, बाकीचे कागदावर खरडतात.  मी आपलं मुकाट्याने डॉक्टर व्हायचं कबूल केलं.

मुअल्लिम म्हणजे मास्तर. आपण नावापुढे सर लावतो तसं त्यांच्या अझरबैजानात मुअल्लिम लावतात. आमच्या वेल्श मंडळींनी पहिल्या दिवशी त्यांना नुसतं ‘एल्दार’ म्हणून हाक मारली. चालेल, म्हणाले, पण चेहरा असा काही केला की दुसऱ्या मंगळवारपासून सगळे गुमान मुअल्लिम म्हणायला लागले.

अर्धं आयुष्य त्यांनी तिथल्या राजधानीत, बाकूमध्ये, ऑपेरा कंडक्ट केला होता. मुलीला कार्डिफला युनिव्हर्सिटीत नोकरी लागली, बायको आधीच गेलेली, म्हणून म्हातारे मुलीबरोबर इथे आले. दोन हजारनंतरची ती पहिली वर्षं. मी आणि मकरंद, माझा नवरा, आम्हीही तेव्हा नवेच होतो. नागपूरला मी व्हायोलिन शिकले ते मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून. इथे खुर्चीवर बसून, हनुवटीखाली धरून वाजवायचं म्हणजे मला पुन्हा बालवाडीत घातल्यासारखं झालं. मला दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात सगळ्यात मागे बसवलं होतं आणि ते योग्यच होतं. मुअल्लिम माझं वाजवणं ऐकून म्हणाले, तू वाजवत नाहीस, गातेस. मी खूश झाले. मग म्हणाले, आता कृपा करून वाजव.

ते कुणाला कधी ‘चुकलं’ म्हणाले नाहीत. ‘छान. आता लिहिलंय तेही एकदा वाजवून बघू,’ एवढंच. आपल्या वाट्याला काही नसताना कुणी इकडेतिकडे बघायला लागलं तर म्हणायचे, शांत बसणं ही सुट्टी नाही, तेही वाजवणंच आहे. ऑपेरातला तुकडा बसवताना नायिका, नायक, नायिकेचा बाप, सगळे स्वतःच गायचे. आवाज फाटका, पण नायिकेच्या ओळीला मान अशी वळवायचे की हसायच्या ऐवजी आम्ही वाजवायचं विसरून बघत बसायचो. मध्ये चहा. त्यांचा चहा घरून थर्मासमधून यायचा, काळा, आणि ते साखरेचा चौकोनी खडा चहात बुडवून दातात धरायचे नि वरून चहा प्यायचे. माझे आजोबा गुळाच्या खड्याबरोबर असाच प्यायचे, त्यामुळे मला ह्या माणसाबद्दल पहिल्यापासून माया.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे आनंदच होता. निम्म्या लोकांच्या कमरेला ब्लीप, म्हणजे वॉर्डातून बोलावणं आलं की वाजणारा पेजर. ऐन रंगात आलं की कुणाचा तरी ब्लीप वाजायचा आणि तो माणूस वाद्य खुर्चीवर ठेवून पळायचा. आधीचा कंडक्टर ह्याच कारणाने चिडून सोडून गेला म्हणे. मुअल्लिम मात्र हात खाली घ्यायचे, माणूस दाराबाहेर जाईपर्यंत थांबायचे, आणि मग त्याची खुर्ची कुणाला सरकवू द्यायचे नाहीत. त्याला परत यायचंय, म्हणायचे. ह्या एका गोष्टीसाठी सगळी नर्स मंडळी त्यांच्यावर जीव टाकायची.

एकच गोष्ट खुपायची. ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसतो तो लीडर. कार्यक्रमाला कंडक्टर स्टेजवर आला की लीडर उठतो, दोघं सगळ्यांदेखत हात मिळवतात, मग वाजवायला सुरुवात. जगभरची रीत आहे. आमची लीडर ब्रॉनवेन, रिटायर्ड मिडवाइफ, अर्ध्या कार्डिफला तिने जगात आणलंय. ख्रिसमसच्या कार्यक्रमाला मुअल्लिम आले, ब्रॉनवेन उठली, हात पुढे केला, आणि हा माणूस तिच्याकडे न बघता पुढे जाऊन लोकांना वाकला. बाईचा हात तसाच. तिने तो खाली आणून स्कर्टवर पुसल्यासारखं केलं नि बसली. मला मागे बसून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यावर ऑर्केस्ट्राच्या कमिटीत चर्चा झाली, मलाही बोलावलं. तिथे कुणी आवाज चढवत नाही, त्यामुळे चर्चा फार लांबते. शेवटी ठरलं की हा धर्माचा प्रश्न असणार. मुसलमान गृहस्थ, परक्या बाईला हात लावत नसतील. मी म्हटलं, अहो, हा माणूस रेड वाइन पितो, आणि स्टेजच्या खाली दर मंगळवारी ब्रॉनवेनचा हात हातात घेऊन तिच्या गुडघ्याची चौकशी करतो. तर म्हणाले, हो, पण लोकांसमोर वेगळं असेल. मला विचारलं, तुमच्याकडे कसं असतं? मी म्हटलं, मी नागपूरची, मला काय माहीत? त्यांनाच विचारा की. विचारायचं मात्र कुणी मनावर घेतलं नाही. असं कुणाला तोंडावर विचारणं म्हणजे ह्या मंडळींच्या दृष्टीने भयंकर. मग ब्रॉनवेननेच सांगितलं की तिला राग नाही, प्रत्येकाच्या श्रद्धेचा मान ठेवायला पाहिजे. आणि विषय मिटला.

मार्चमधल्या कार्यक्रमाआधी ब्रॉनवेन माझ्याकडे आली. म्हणाली, हात न लावता तुम्ही नमस्कार कसा करता ते दाखव. मला वाटलं, आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला यायचं असेल. मी दाखवला. अंगठे कुठे ठेवायचे तेसुद्धा शिकवलं. आणि कार्यक्रमाच्या दिवशी मुअल्लिम स्टेजवर आले तर ही बाई उठली, बगलेत व्हायोलिन, बोटांत गज, आणि सगळ्या हॉलसमोर तिने त्यांना हात जोडून नमस्कार केला. चेहऱ्यावर इतका चांगुलपणा की बघवेना. मुअल्लिम जागच्या जागी थांबले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला मागून दिसल्या. पहिला तुकडा त्यांनी इतका संथ घेतला की बासरीवाल्याचा श्वास संपला.

नंतर चर्च हॉलच्या किचनमध्ये ते कप धूत होते. कप ते नेहमी स्वतःच धुवायचे. ब्रॉनवेन पुसत होती, मी कपाटात लावत होते. ती म्हणाली, आज बरं वाटलं ना तुम्हाला? त्यांनी नळ बंद केला.

“तुम्ही सगळे फार चांगले लोक आहात,” ते म्हणाले. “माझ्या पापाला तुम्ही माझा धर्म समजलात.”

मग तिथेच, ओल्या हातांनी उभं राहून त्यांनी सांगितलं. बाकूला त्यांच्या ऑपेराचा लीडर होता सुरेन. नाव ऐकून मला आपला बंगालीच वाटला, पण तो आर्मेनियन. दोघं तरुणपणापासून बरोबर. एकमेकांच्या लग्नात वाजवलेलं, मुलांची आजारपणं एकत्र काढलेली. मग सोव्हिएत युनियन मोडायला आलं आणि शहराला वेड लागलं. आर्मेनियन आणि अझरबैजानी, शेजारी शेजाऱ्याचा वैरी झाला. सुरेन तरीही रोज येत होता, कारण रोज ऑपेरा होता. एका संध्याकाळी मुअल्लिम ऑर्केस्ट्राच्या जागेत आले, सुरेन उठला, त्याने नेहमीसारखा हात पुढे केला, आणि वर गॅलरीतून कुणीतरी त्याच्या नावाने ओरडलं. सगळं थिएटर बघत होतं. मुअल्लिम त्या हाताजवळून सरळ चालत गेले नि कंडक्ट करायला उभे राहिले.

“मला कुणी सांगितलं नव्हतं. धमकी नव्हती. एक माणूस ओरडला, बस्स,” ते म्हणाले. “आणि सुरेनने तिसऱ्या अंकातला सोलो त्या दिवशी जसा वाजवला तसा मी परत ऐकला नाही.”

दुसऱ्या आठवड्यात ती खुर्ची रिकामी. सुरेन बायकामुलांना घेऊन बोटीने समुद्रापलीकडे गेला होता. मुअल्लिमांची पुढे बढती झाली, सत्कार झाले, परदेशी दौरे झाले. पण त्यानंतर लोकांदेखत कुठल्याच लीडरचा हात त्यांनी हातात घेतला नाही. ज्याचा घ्यायचा त्याचा घेतला नाही, आता दुसऱ्याचा कुठल्या तोंडाने घेऊ, म्हणाले. इतकी वर्षं लोक त्यांना घमेंडखोर समजत होते आणि ते त्यांना चालत होतं. चांगुलपणाने केलेला नमस्कार मात्र सहन झाला नाही. ब्रॉनवेनने हातातला पुसायचा कपडा खाली ठेवला आणि मान खाली घातली. आपण किती मोठ्या मनाने वागलो म्हणून बाई ख्रिसमसपासून खुशीत होती, तिला आता तोंड कुठे लपवू असं झालं. मला तर कमिटीतल्या सगळ्यांना ओळीने उभं करावंसं वाटत होतं.

सुरेन जिवंत होता. हे मुअल्लिमांना मॉस्कोतल्या एका जुन्या साथीदाराकडून कळलं होतं, आणि कळून बरेच महिने झाले होते. लंडनला लेकीकडे राहतो, एजवेअरला, लहान मुलांना व्हायोलिन शिकवतो. पत्ता खिशात होता. जायचं धाडस नव्हतं. एजवेअरला माझी मावसबहीण शुभा राहते, आम्ही दर दोन महिन्यांनी तिच्याकडे जातोच. मी म्हटलं, मुअल्लिम, ईस्टरच्या सुट्टीत आमच्या गाडीत एक जागा रिकामी आहे. ते ‘नको’ म्हणाले. शनिवारी सकाळी सातला आमच्या दाराशी कोट घालून हजर.

वाटेत मकरंद त्यांना त्याचा आवडता विनोद सांगत होता, की सीमेवरच्या पुलावरून इंग्लंडात जाणं फुकट आहे, टोल पडतो तो वेल्समध्ये परत येताना. मुअल्लिम हसले नाहीत. परत यायचे पैसे पडणारच, म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. मांडीवर मिठाईचा डबा. तो त्यांनी लंडनच्या अलीकडचं रेडिंग येईपर्यंत खाली ठेवला नाही.

मकरंदला शुभाकडे सोडून मी त्यांच्याबरोबर चालत गेले. दार सुरेनने स्वतःच उघडलं. बुटका, टक्कल पडलेला, अंगात लोकरीचं जाकीट. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग सुरेन बाजूला झाला आणि आम्ही आत गेलो. सोफ्यावर लहान मुलांची छोटी छोटी व्हायोलिनं ठेवली होती, ती उचलून त्याने आम्हाला जागा करून दिली. चहा आणला. मला इंग्लिशमध्ये विचारलं, काय वाजवतेस? मी म्हटलं, दुसरं व्हायोलिन, शेवटची रांग. चांगली जागा आहे, म्हणाला, तिथून सगळं दिसतं. नंतर दोघं रशियनमध्ये बोलत होते. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण भांडण नव्हतं एवढं कळत होतं. कुणाकुणाची नावं निघत होती, एकदा सुरेन हसलासुद्धा. मला वाटलं, चला, झालं. आम्ही उठलो, दारात मुअल्लिमांनी हात पुढे केला. सुरेनने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले, काहीतरी म्हणाला, आणि शांतपणे दार लावलं.

शुभाकडे जेवताना मुअल्लिमांनी वरणभात नुसता चिवडला. परतताना मीच विचारलं, काय म्हणाला तो?

“म्हणाला, तू मला हजार लोकांसमोर टाकलंस. आता दाराआड कसला हात देतोस?”

खरंच होतं त्याचं. मला त्याचा राग येत होता, पण खरंच होतं.

मग मुअल्लिमांनी आयुष्यात पहिल्यांदा कमिटीपुढे काहीतरी मागितलं. आमच्या जूनच्या कार्यक्रमात बाकूच्या त्या संध्याकाळच्याच ऑपेरातले तुकडे होते, त्यात तो सोलोही होता. ब्रॉनवेन जानेवारीपासून त्याच्यावर घाम गाळत होती. मुअल्लिम म्हणाले, त्या दिवसापुरती पहिली खुर्ची सुरेनला देता का? हजार लोक मी आणू शकत नाही, पण आहेत तेवढ्यांसमोर मला त्याच्यापुढे हात करायचा आहे. बोलताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. ब्रॉनवेन म्हणाली, मी त्यांच्याशेजारी बसून पानं उलटेन. मुअल्लिमांनी सुरेनला फोन केला. दोन दिवसांनी त्याच्या लेकीचा उलट फोन आला, पप्पा येतील.

झालं, आमच्या मंडळींना चेव आला. स्थानिक पेपरला कळवलं, केक सांगितला, कुणीतरी दोन्ही देशांचे छोटे झेंडेसुद्धा आणले, ते मी कपाटात कोंबून ठेवले. सगळ्यांनी मनात तो प्रसंग आधीच बघून घेतला होता. दोन म्हातारे, मिठी, टाळ्या. नर्सबायका टिश्यू घेऊन आल्या होत्या.

सुरेन दुपारी रिहर्सलला आला. कुणाशी फार बोलला नाही, ब्रॉनवेनला मात्र वाकून थँक्यू म्हणाला. मुअल्लिम इकडून बघत होते, पण जवळ गेले नाहीत. संध्याकाळी हॉल भरला. आमचं ट्यूनिंग झालं, मुअल्लिम आले. टाळ्या सुरू झाल्या. ते सरळ पहिल्या खुर्चीपाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला.

सुरेन उठला नाही. त्याने समोरच्या स्टँडवरचं पान सारखं केलं, गजाचा स्क्रू जरा आवळला, आणि त्या हाताच्या पलीकडे बघत बसून राहिला.

टाळ्या विरल्या.  तो हात तसाच होता, आणि मुअल्लिम तो मागे घेत नव्हते.  माझ्या शेजारची नर्स पुटपुटली, घ्या हो कुणीतरी तो. कसा घेणार? आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागलो. मी कुणाचंच काही बिघडवलेलं नव्हतं, तरी अशी लाज वाटली की व्हायोलिनमागे तोंड लपवावं. शेवटी मुअल्लिमांनी हात खाली घेतला, सुरेनला वाकून नमस्कार केला, लोकांना केलाच नाही, आणि बॅटन उचललं.

तो सोलो. मी काय सांगू? सुरेन सरळ मुअल्लिमांकडे बघून वाजवत होता. मुअल्लिम त्याला बॅटनने काही दाखवत नव्हते, नुसतं थांबत होते, तो जिथे श्वास घेईल तिथे घेत होते. ब्रॉनवेन पान उलटायला विसरली. त्याला गरज नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर ब्रॉनवेन किचनमध्ये आली ती लालबुंद होऊन. हे असंच करायचं होतं तर आले कशाला, म्हणाली, एका म्हाताऱ्या माणसाचा असा अपमान? कुणीतरी केक तसाच झाकून ठेवत होतं. मुअल्लिम नेहमीसारखे सिंकपाशी उभे होते.

“मी त्याच्याशी काय केलं ते तुम्हाला नुसतं सांगितलं होतं, डॉक्टर,” ते म्हणाले. “आता तुम्ही पाहिलंत.”

आणि त्यांनी नळ सोडला.  ब्रॉनवेनने कपडा घेतला आणि ती एकेक कप पुसायला लागली.

त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीला कॅनडात नोकरी मिळाली आणि तेही गेले. जाण्याआधी ते आम्हाला भेटले, आमच्याकडे जेवले, साबुदाण्याची खिचडी त्यांना आवडली नाही हे स्पष्ट सांगितलं. पण मला मुअल्लिम म्हटलं की आठवतं ते त्या जूनच्या संध्याकाळचं, हॉलबाहेरचं कार पार्क. बाहेर अजून लख्ख उजेड होता. सुरेनची लेक गाडी सुरू करून बसली होती. मुअल्लिम हात पुसत बाहेर आले आणि जरा लांबच उभे राहिले. सुरेनचे गुडघे गेलेले, गाडीत बसायचं म्हणजे दाराला आणि छपराला दोन्ही हातांनी धरावं लागे. हातात व्हायोलिनची केस. त्याने लेकीकडे बघितलं. गाडीच्या दाराशी मी उभी होते, माझ्याकडे बघितलं. आम्ही व्हायोलिनवाले आपली केस कुणाच्या हातात देत नाही. मी मकरंदला देत नाही, आणि तो माझा नवरा आहे. सुरेनने वळून ती मुअल्लिमांपुढे धरली.

मुअल्लिमांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि छातीशी धरून उभे राहिले. सुरेन हळूहळू, कुरकुरत, एकेक पाय आत घेत होता. घाई त्याने केली नाही, आणि मुअल्लिमांनाही ती नव्हती.